चित्रफितीच्या आधीचे काम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात भूम येथे दिलेले भाषण)



श्रीसंत नामदेव महाराजांस वंदन करून आम्ही विषयास प्रारंभ करितो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींस एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने येथेच, भूम मुक्कामी, सहस्रचंद्रदर्शनाचा लहानसा समारंभ केला आणि घरातील जुन्या छायाचित्रांची बारा मिनिटांची चित्रफीत पडद्यावर दाखविली. आपणांपैकी पुष्कळ मंडळी त्या दिवशी पंगतीस होती. तेव्हापासून ज्याच्या घरी लग्न, साठीशांत वा वर्षश्राद्ध असेल तो आम्हांस वाटेत गाठून विचारतो, “गुरुजी, ते कसं केलं?” एकेकास सांगण्यापेक्षा सर्वांस एकदाच सांगावे, असे कार्यकारी मंडळाने सुचविले, म्हणून आज उभे राहिलो आहोत. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. संगणकावरील काम आमच्या पुतण्याने केले, आणि ते त्याच्या वयाच्या कोणत्याही मुलास येते. त्यास चार रात्री लागल्या. त्याच्या आधीच्या कामास मात्र तीन महिने लागले. आम्ही बोलणार ते त्या तीन महिन्यांविषयी.

आमची समजूत अशी होती की, घरात फार तर चाळीस-पन्नास फोटो निघतील. परंतु आमचे घर, धाकट्या बंधूंचे, बार्शीच्या भगिनीचे आणि पुण्यास स्थायिक झालेल्या दोघा चुलतबंधूंचे अशा पाच घरांतून मिळून ३१२ निघाले! ते कोठे सापडले हे सांगितल्यास आपणांसही उपयोग होईल. काही देवघराच्या फडताळात होते, काही पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, काही जुन्या रेशनकार्डांच्या पिशवीत, काही भिंतीवरील तसबिरीत पुढच्या फोटोच्या पाठीमागे दडलेले. आणि एक, ज्याच्याविषयी पुढे बोलावयाचे आहे, तो शिलाईच्या यंत्राच्या खणात बॉबिनी व खडूच्या तुकड्यांखाली होता. शिंप्याच्या घरी फोटो शोधावयाचे तर प्रथम मशीनचा खण उघडावा, हा आमचा अनुभव आहे.

अगदी जुने फोटो मात्र थोडेच. त्याचे कारण उघड आहे. हा आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होऊन गेला. त्याने सहाव्या निजामाची, त्याच्या महालांची, शिकारींची छायाचित्रे घेतली. भूमच्या शिंप्याकडे कोण येणार? आमच्या आजोबांचा सर्वांत जुना फोटो आहे तो बार्शीचा. सुताचे व कापडाचे गठ्ठे आणावयास ते तेथे जात. एकदा पैसे उरले म्हणून काढून घेतला, असे ते सांगत. पुढे येरमाळ्याच्या व तुळजापूरच्या यात्रेत पडदा लावून फोटो काढणारे बसू लागले. त्या पडद्यावर महाल, मोटार, विमान काय हवे ते रंगविलेले असे. आमचे एक काका विमानात बसलेले आहेत. प्रत्यक्षात ते एस.टी.लाही घाबरत. घरचा कॅमेरा पुष्कळ उशिरा आला. आग्फा क्लिक थ्री नावाचा तो कॅमेरा ज्यांनी हाताळला त्यांस आठवत असेल की, एका रोळात बाराच फोटो निघत. बारांत सबंध लग्न उरकावयाचे! म्हणून त्या काळच्या फोटोत एका चौकटीत तीस-तीस माणसे दाटीने उभी असतात आणि कोणी हसत नाही. आजच्या मुलांस ती माणसे रागावलेली वाटतात. ती रागावलेली नव्हती. रोळ फुकट जाऊ नये म्हणून श्वास रोखून उभी होती.

फोटो हाताळण्याविषयी थोडे सांगतो. काचेस चिकटलेला फोटो ओढून काढू नये. वरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसह सावलीत, दिवसाच्या उजेडात, तिरपा प्रकाश न पडेल असा ठेवून मोबाईलने टिपावा; फ्लॅश लावू नये. चिकट पानांचे अल्बम पुष्कळांच्या घरी आहेत. त्यांचा गोंद कालांतराने पिवळा पडतो व फोटोस खातो. तेथेही ओढाताण न करिता पानासकटच टिपून घ्यावे. ज्यांस स्कॅनर उपलब्ध असेल त्यांनी मोठा फोटो इंचास ३०० ठिपके व पासपोर्टाएवढा लहान असल्यास ६०० ठिपके या मापाने घ्यावा. आणि टिपलेले चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवू नये. आम्ही ही चूक केली. पुण्याहून आलेल्या पहिल्या साठ चित्रांतील चेहरे मोठ्या पडद्यावर पिठासारखे दिसू लागले, कारण पाठविताना चित्र दाबून लहान केले जाते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले म्हणजे जसेच्या तसे पोहोचते. साठही चित्रे पुन्हा मागवावी लागली व चुलतबंधूंचे थोडे बोलणे खावे लागले.

कोणते फोटो आधी टिपावे? आमचे म्हणणे, रंगीत आधी. आपणांस हे उलटे वाटेल. परंतु कृष्णधवल फोटोतील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते, ते नीट धुतलेले असल्यास पुष्कळ टिकते. रंगीत फोटोतील चित्र निरनिराळ्या रंगद्रव्यांचे असते व ती एकसारखी उडत नाहीत. आजोबांचा बार्शीचा फोटो अद्याप स्वच्छ आहे. आमच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात मात्र सर्व वऱ्हाड तांबडे झाले आहे.

फोटो जमले, पण साल कोणते? येथे आपला पिढीजात धंदा कामास येतो. आम्ही शाळेत गेलो तरी कात्रीच्या घरात वाढलो. टेरिकॉटची न मोडणारी घडी दिसली की फोटो साठीच्या दशकाच्या अखेरीचा अथवा त्यानंतरचा. सदऱ्याच्या कॉलरची टोके कुत्र्याच्या कानांसारखी लांब आणि पँटची मोहरी घंटेसारखी रुंद असेल, तर सत्तरीच्या दशकातील. सफारी सूट त्यानंतरचा. शेरवानी व रुमी टोपी घातलेला गृहस्थ दिसला तर तो निजामाच्या अमलातील कोणी नोकरदार असण्याचा संभव अधिक. एका फोटोवरून घरात दोन दिवस वाद चालला होता. मागील भिंत पाहून कोणी १९६० म्हणे, कोणी १९७५. बार्शीच्या आमच्या मेहुण्यांनी भिंग लावून फक्त बाही पाहिली आणि निकाल दिला. ही विद्या ज्यांस येते अशी म्हातारी मंडळी आपल्या ज्ञातीत अजून आहेत. त्यांस घरी बोलावून चहा पाजावा व फोटो पुढे ठेवावेत.

आता मुख्य गोष्ट, नावांची. आम्ही शाळेतील जनरल रजिस्टराच्या धर्तीवर एक वही आखली. फोटोचा क्रमांक, ठिकाण, साल, डावीकडून उजवीकडे नावे, आणि शेवटच्या रकान्यात ती नावे कोणी सांगितली व कोणत्या दिवशी. हा शेवटचा रकाना आवश्यक आहे, कारण दोन वडीलधारी एकाच माणसास दोन नावे देतात आणि दोघेही शपथेवर सांगतात. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने फक्त क्रमांक घालावा. शाईचे पेन वा बॉलपेन लावू नये. शाई पुढे उमटते, बॉलपेनचा वळ पडतो.

मातोश्रींची स्मृती तेव्हाच मंद होऊ लागली होती. सकाळचे जेवण दुपारी आठवत नसे, परंतु साठ वर्षांपूर्वीचे लख्ख आठवे. “ही कोण, ओळख पाहू,” असे विचारले की त्या गोंधळत व रडकुंडीस येत. परीक्षा घेतल्यासारखे ते होई, आणि आयुष्यभर परीक्षा घेण्याचीच आम्हांस सवय. मग आमच्या सौभाग्यवतीने युक्ती सांगितली. तिने माणसांविषयी विचारणे सोडून दिले. “हा कंदील कुणाचा?” “हे लुगडं कुठून आणलं होतं?” असे ती विचारी. लुगड्याची गोष्ट सांगता सांगता ते नेसलेल्या बाईचे नाव आपोआप बाहेर येई. सकाळच्या वेळी, एका बैठकीस चार-पाचच फोटो, आणि त्या चुकल्या तरी दुरुस्त करावयाचे नाही, असा नियम ठेविला. ३१२ फोटोंपैकी २७० वर नावे चढली.

आता मशीनच्या खणातील फोटो. आमच्या दुकानाच्या दारात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काढलेला आहे. साल १९६५ च्या आसपास. पुढे आजोबा व वडील बसले आहेत. मागे दाराच्या अंधारात, फोटोच्या अगदी कडेस, कोणी बाई मशीनवर वाकलेली आहे. अर्धाच चेहरा, तोही सावलीत, आणि त्यावर ओलीचा डाग. पुतण्या म्हणाला, “काका, मोबाईलवर हे आता नीट होतं.” त्याने बोट फिरविले, आणि पाहता पाहता अर्ध्या चेहऱ्याचा पूर्ण चेहरा झाला, काळ्यापांढऱ्याचा रंगीत झाला. गोरीपान, पांढऱ्याशुभ्र दातांनी किंचित हसणारी स्त्री. डागाचा एक ठिपका कपाळावर होता, त्याचे कुंकू झाले. लुगडे लाल झाले. आम्ही सर्व थक्क झालो, खोटे कशास बोलावे? तसेच मातोश्रींपुढे नेऊन धरले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “ही कोन? आपल्यातली न्हाई ही.”

स्मृती गेली, असे आम्ही मनात म्हटले. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतीने मूळ फोटो त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला, आणि चेहऱ्यावर नव्हे तर हातावर बोट ठेविले. “वन्सं हायती ह्या. अंगठ्याला चिंधी हाय बघ.”

त्या आमच्या आत्या होत्या, वडिलांच्या थोरल्या भगिनी. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या आणि १९९१ साली निवर्तल्या, तोवर त्या मशीनवरून उठल्या नाहीत. कात्रीची कडी अंगठ्यास काचे म्हणून चिंधी गुंडाळीत. आमच्या शाळेची फी त्या चिंधीच्या हाताने भरली आहे. मोबाईलने ती चिंधी डाग समजून पुसून टाकली होती, आणि जिने सोळाव्या वर्षानंतर कुंकवास बोट लाविले नाही तिच्या कपाळी कुंकू रेखिले होते. यंत्राचा त्यात दोष मानण्याचे कारण नाही. ते दुरुस्ती करीत नाही. हजारो दुसरे चेहरे पाहून येथे काय असावे याचा अंदाज बांधते व तो रंगविते. तो अंदाज आपल्या माणसाचा नसतो. सुरकुती, ओरखडा, धूळ काढावयाची तर खुशाल काढावी. चेहरा मात्र कोणत्याही यंत्राकडून भरून घेऊ नये. आणि कसेही केले तरी मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी.

मग आम्ही रजिस्टर पुन्हा चाळले. ३१२ फोटोंत आत्या या एकाच ठिकाणी आहेत! आमच्या लग्नात त्यांनी नवरीच्या चोळ्या शिविल्या, वऱ्हाडास वाढले. अल्बमात त्या नाहीत. भगिनींच्या लग्नात नाहीत, मुंजीत नाहीत. फोटोवाला आला की त्या आपणहून आत जात, आणि त्यांस बाहेर बोलवावे असे आम्हां शिकलेल्यांपैकी एकासही सुचले नाही. नामदेवरायांच्या घरची दासी जनाबाई. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेत त्यांच्या कुटुंबीयांच्या बरोबरीने येतात. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या घराने जिला आपल्यांत मोजले, त्या घराचे नाव आपण सांगतो. येथे बसलेल्या प्रत्येकाने घरी जाऊन आपले फोटो मांडावेत, आणि कोण दिसत नाही ते पाहावे. आपल्या घरीही एखादी मिळेल.

पुतण्याने विचारले, फोटोखाली नाव काय घालू? तेव्हा ध्यानात आले की, आम्ही त्यांस आत्या म्हणत आलो, मातोश्री वन्सं म्हणत आल्या, गाव आक्का म्हणत आला. नाव कोणासच येईना. ते जुन्या रेशनकार्डावर मिळाले. ती पिशवी कोणी रद्दीत दिली नाही, हे आमचे भाग्य.

प्रती अनेक घरी ठेवाव्यात, हे आम्हांस सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप या जिल्ह्याने पाहिला आहे. आपल्या बाजूस भांडी वाजली. तिकडे लोहारा-उमरग्याकडे गावेच्या गावे बसली. आजच्या लोहारा तालुक्यात आमचे एक सोयरे होते. जी माणसे वाचली ती पुढे आमच्याकडे आली, तेव्हा धान्य, भांडी यांविषयी काही बोलली नाहीत. घरात गेलेल्या मुलीचा फोटो तुमच्याकडच्या लग्नात निघाला होता का, एवढेच त्यांनी विचारले. निघाला होता. पंक्तीत बसलेली, घास हातात. त्यांच्या मातीखाली गेलेल्या घरातील तेवढीच वस्तू आज त्यांच्या भिंतीवर आहे, आणि ती आमच्या अल्बमातून गेलेली आहे. म्हणून वही व चित्रे दोन्ही किमान तीन घरी, दूरदूरच्या गावी, ठेवावीत. मोबाईलमध्ये आहे म्हणजे आहे, असे समजू नये.

आता गाण्याकडे वळू. पुतण्याने प्रथम केलेल्या फितीत प्रत्येक फोटो दोन सेकंद राही व गिरक्या घेत नाहीसा होई. तरुणांस मौज वाटली; म्हातारी मंडळी एक चेहरा ओळखेपर्यंत चार चेहरे उडून जात. आम्ही हिशेब असा बसविला: एकट्याच्या फोटोस पाच सेकंद, मोठ्या समूहास दहा, आणि गिरक्या बंद. बारा मिनिटांचे ७२० सेकंद. सरासरी सहा धरल्यास १२० फोटो. म्हणजे ३१२ पैकी १९२ गाळावे लागले. गाळताना घरात रुसवेफुगवे झाले. त्यांचे वर्णन करीत नाही.

गाणे कोणते घ्यावे? आजकाल कोणत्याही समारंभात सिनेमातील तीच ती दोन-चार गाणी लावितात. घरच्यांपुरते दाखविणे निराळे. परंतु तीच फीत यूट्यूबवर चढविली की तेथील यंत्रणा गाणे ओळखते आणि पुष्कळदा आवाज बंद पडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे राहतो आणि कवी व संगीतकार यांचा त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. तेव्हा जुने गाणेही सरसकट मोकळे नसते. आपल्याच घरातील बायांच्या ओव्या, हळदीची गाणी, पाळणे यांस असली अडचण नाही. गी पॉटवँ व हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, त्यांतील पुष्कळ आज ‘पारी’ या संग्रहात ऐकावयास मिळतात. परक्या माणसांनी एवढे केले. आपण मोबाईल पुढे ठेवून आपल्या आजीचे दोन पाळणे घेऊ नयेत काय?

आमच्या आत्या जात्यावर ओव्या गात. त्या कोणीही उतरविल्या नाहीत, ध्वनिमुद्रित केल्या नाहीत. तेव्हा आम्ही ठरविले की, निदान त्यांस आवडणारा नामदेवरायांचा एक अभंग लावावा. तो पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजात आकाशवाणीवर लागला असता आम्ही १९८४ साली कॅसेटवर घेतला होता. त्या काळी आम्हां शिक्षकांची पद्धत आपणांस ठाऊक आहे: रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवावयाचा, बटण दाबावयाचे व घरातील सर्वांस गप्प बसा म्हणावयाचे. ती कॅसेट पेटीत सापडली. एकदम यंत्रात घातली नाही; बुरशी आहे का पाहिली, पेन्सिल घालून हाताने दोन वेळा पूर्ण फिरविली, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत चिकटलेली असते व झटक्याने तुटते. मग टेपरेकॉर्डरच्या कानात घालावयाच्या यंत्राच्या भोकातून वायर काढून पुतण्याने ती संगणकास जोडली.

अभंग रंगात आला असता पाठीमागे एक खडखड ऐकू येऊ लागली. पुतण्या म्हणाला, फीत खराब आहे, हा आवाज काढून टाकतो. आम्ही त्याचा हात धरला. ती फीत खराब नव्हती. ती मशीन होती. चालते, थांबते, पुन्हा चालते. आणि एका ठिकाणी मशीन थांबून आत्यांचा स्वर येतो, स्वयंपाकघराकडे तोंड करून: “तुळशीपुढं दिवा लावला का गं?”

त्या दिवशी गप्प बसा म्हणून आम्ही त्यांस रागावलो होतो, तेही पुढे त्याच फितीवर आहे. ते गाळले. बाकी सर्व, खडखडीसह, ठेविले.

समारंभाच्या दिवशी मातोश्री पुढच्या खुर्चीवर होत्या. फोटो येत होते, मंडळी ओळखत होती, मातोश्री मात्र निम्मे लक्ष शालीच्या काठाकडे देऊन बसल्या होत्या. दाराच्या अंधारातील तो फोटो दहा सेकंद आला, खाली नाव आले, आणि तेवढ्यात फितीतून तो प्रश्न आला. मातोश्रींनी मागे वळूनही पाहिले नाही. मोठ्याने म्हणाल्या, “लावला, वन्सं.”

आपला वेळ फार घेतला. येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी आम्ही घरी टेपरेकॉर्डर व आखलेल्या वह्या घेऊन बसणार आहोत. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या रद्दीत न देता आणाव्यात, आणि घरातील सर्वांत वयस्क माणसास सोबत आणावे. कॅसेट उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. पेन्सिल आमच्याकडे आहे.